लुटुपुटीची लढाई

कुस्ती सर्वांत जास्त कोणाला येते? लढणाऱ्या पैलवानाला, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी एकदा आमच्या कुंडलच्या मैदानाला यावे. लांग कसून मातीत उतरलेले दोघे बिचारे घामाने निथळत एकमेकांच्या मानेला झोंबत असतात. पण कुस्तीचे खरे ज्ञान वाहत असते ते कडेने! "आरं, पट काढ की!" "ढाक लाव, ढाक!" "वस्तादानं ह्येच शिकीवलं व्हय तुला?" ज्यांनी जन्मात कधी लंगोट कसलेला नाही अशा माणसांनाही त्या दिवशी भराभर डाव सुचतात. बरे, हलगी थांबली आणि निकाल लागला म्हणजे कुस्ती संपली असेही नाही. परतीच्या वाटेवर, एस.टी.त, चहाच्या गाड्यावर तीच कुस्ती पुन्हा लढली जाते. मला विचाराल तर मैदानाची निम्मी गोडी या दुसऱ्या कुस्तीत आहे.

पुस्तकांचेही तसेच नाही का? लेखक एकदा मातीत उतरून मोकळा होतो. मग वाचकांची कुस्ती सुरू होते. या बाबतीत आमचा भाग तसा कसलेला. कुंडलच्या शेजारी किर्लोस्करवाडी. तिथल्या रेल्वे स्टेशनाचे नाव पूर्वी 'कुंडल रोड' असे होते. त्याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले आणि पुढे 'किर्लोस्कर' मासिक होऊन महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. ग. दि. माडगूळकरांच्या शाळकरी वयातले काही दिवस कुंडलातच गेले. अशा गावात पुस्तकांवर तावातावाने बोलणारी माणसे असावीत हे ओघानेच आले. पण मी पडलो मराठीचा प्राध्यापक. माझ्या वाट्याला येतात त्या उत्तरपत्रिका. 'या कादंबरीतील व्यक्तिचित्रणाचे विशेष सांगा' या प्रश्नाची शे-दीडशे उत्तरे तपासली तरी त्यांत वाचकाचे मत सापडत नाही. सापडते ते गाइडाचे मत! म्हणूनच मुले आपखुशीने एखाद्या पुस्तकावरून भांडताना दिसली की माझे कान टवकारतात.

गेल्या पावसाळ्यात असे एक भांडण माझ्या कानी आले. तास आटोपून मी व्हरांड्यातून निघालो होतो. शेवटच्या वर्षाची पाच-सहा मुले खिडकीशी घोळका करून उभी होती आणि त्यांतला एकजण हातवारे करीत सांगत होता, "पुस्तकात तसं लिव्हलेलंच न्हाई! तू नुसता खेळलायस, वाचलेलं न्हाईस तू!" आजच्या काळात एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला 'तू वाचलेले नाहीस' म्हणून हिणवावे! मराठीच्या प्राध्यापकाचे पाय जागच्या जागी थबकले तर त्यात नवल ते काय?

पुस्तकाचे नाव 'हेलो : द फॉल ऑफ रीच'. लेखक एरिक नायलंड. हा 'हेलो' म्हणजे टेलिफोनवरचा 'हॅलो' नव्हे. देवादिकांच्या चित्रांत मस्तकाभोवती जे तेजोवलय काढतात, त्याला इंग्रजीत हे नाव आहे. 'हेलो' हा मुळात एक व्हिडिओ गेम. तो १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत बाजारात आला आणि त्याच्या थोडेच दिवस आधी, ऑक्टोबरमध्ये, ही कादंबरी निघाली. म्हणजे खेळात जी लढाई खेळायची, तिच्या आधी काय घडले ते या कादंबरीने सांगायचे, अशी वाटणी. पुण्यात नोकरीला असलेल्या कोणा मावसभावाकडून तिची एक प्रत आमच्या गावात आली होती आणि हातोहात फिरून तिची पाने पार मऊ पडली होती.

कथा इसवी सनाच्या सव्विसाव्या शतकातली. माणसे पृथ्वी सोडून अनेक ग्रहांवर वसली आहेत. त्यांपैकी काही वसाहतींनी बंड पुकारले आहे. ते मोडायचे म्हणून लष्करातली एक विदुषी, डॉक्टर कॅथरीन हॅल्सी, एक योजना आखते. सहा वर्षे वयाची, सर्व बाबतींत उत्तम अशी ७५ मुले निवडायची, त्यांना आईबापांकडून गुपचूप पळवायचे आणि युद्धासाठीच वाढवायचे. घरच्यांना संशय येऊ नये म्हणून प्रत्येकाच्या जागी त्याच्यासारखेच दिसणारे, प्रयोगशाळेत तयार केलेले मूल ठेवायचे. ही नकली मुले थोड्याच काळात आजारी पडून मरतात. चोरलेली मुले चौदा वर्षांची झाली की त्यांच्यावर शस्त्रक्रिया होतात. त्यांत ३० मरतात, १२ कायमची अपंग होतात आणि ३३ 'यशस्वी' ठरतात. त्या ३३ जणांतला एक जॉन. त्याला आडनाव नाही. ११७ हा आकडा तेवढा आहे. एवढे होते न होते तोच परग्रहावरचे शत्रू माणसांवर तुटून पडतात, आणि बंडखोरांसाठी घडवलेली ही मुले मानवजातीचे रक्षणकर्ते म्हणून पुढे येतात. शेवटी रीच नावाचा ग्रह पडतो. लष्कराचे मोठे ठाणे याच ग्रहावर असते आणि ही मुलेही तिथेच वाढलेली असतात.

हे सारे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितले तेव्हा आमच्या एका वयस्क सहकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटले, "खेळावरून कादंबरी? मग उद्या ल्यूडोवरून महाकाव्यही येऊ द्या!" सगळे हसले. विनोद चांगला होता. पण ज्या देशाच्या महाकाव्यातला निम्मा अनर्थ एका द्यूतात घडतो, त्या देशात तो जरा जपूनच करायला हवा. शिवाय युद्ध, खेळ आणि गोष्ट यांचे गोत्र फार जुने आहे. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांवरून आपल्याकडे चतुरंग हा खेळ आला, तो इराणात जाऊन शतरंज झाला आणि युरोपात जाऊन चेस. सांगलीला तर बुद्धिबळाचे केवढे वेड! तिथल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांमुळे कित्येक पोरे पटाला चिकटली. चौसष्ट घरांत राजाला कोंडताना आपण एक लढाईच खेळत असतो. तिच्यातले रक्त तेवढे पुसून टाकलेले असते.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांचेच पाहा. परग्रहावरच्या प्राण्यांनी पृथ्वीवर केलेल्या स्वारीची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी त्यांनी १८९८ मध्ये पुस्तकरूपाने काढली. याच वेल्सनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचे एक छोटे पुस्तक लिहिले. दिवाणखान्यातल्या जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून लढाई कशी खेळावी, त्याचे नियम त्यात आहेत. त्याच्या अखेरीस ते म्हणतात की, ही छोटी लढाई तीन-चार वेळा खेळून पाहिली की खरी मोठी लढाई हा किती धांदरटपणाचा कारभार असला पाहिजे ते कळते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. सांगायचे एवढेच की, खेळणारा माणूस विचार करीत नाही, असे कोणी समजू नये.

पण सहकाऱ्यांच्या त्या हसण्यामागे जे मत आहे ते पुस्तक वाचण्याआधीचे मत आहे, आणि मराठीत ते जुनेच आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा, गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपच्या कथा क्रमिक पुस्तकात लपवून वाचणारी पिढी आज आजोबा झाली आहे. तरी तिच्यातले किती जण चारचौघांत ते कबूल करतील? याउलट एक चांगले उदाहरणही आहे. कोल्हापुरात जन्मलेले डॉक्टर जयंत नारळीकर हे जगन्मान्य शास्त्रज्ञ. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. कथेला बक्षीस मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला एक मोठा लेखक लाभला. लेखकाचे नाव झाकून जसे वाचता येते, तसे पुस्तकावरचा 'खेळाचे पुस्तक' हा शिक्का झाकूनही वाचायला काय हरकत आहे? मी मुलांकडून ती प्रत मागून घेतली. इंग्रजी साधे, प्रकरणे आखूड. चार रात्रींत पुस्तक संपले. नंतरच्या शनिवारी तास संपल्यावर ज्यांना बोलायचे होते त्यांना मी थांबवून घेतले. त्यांची मते इथे देतो, कारण माझ्या मतापेक्षा ती अधिक ऐकण्यासारखी आहेत.

पहिले बोलले ते निष्ठावंत. प्रत्येक पुस्तकाला असे वाचक असतात. त्यांना त्यातली प्रत्येक तारीख पाठ असते. 'हेलो' खेळाचा एक नवा भाग सप्टेंबर २०१० मध्ये निघाला. तो याच रीच ग्रहाच्या पाडावावर. पण कादंबरीत शत्रूचा घाला पडतो तो ३० ऑगस्ट २५५२ ला, आणि खेळात मात्र शत्रू जुलै महिन्यातच येऊन दाखल झालेला! मग खरे काय? कादंबरीची नवी आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. तरी हा वाद काही मिटला नाही. "सर, आधी पुस्तक आलंय. पुस्तकातलंच खरं," एक म्हणाला. "खेळ ज्यांनी काढला त्येंचं खरं," दुसरा म्हणाला. मला हसू आले. पण चटकन आठवले की, २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला तेव्हा आमच्या घरातही हेच झाले होते. कादंबरी शिवाजी सावंतांची, १९७९ सालची. चित्रपटात काय घेतले, काय सोडले आणि इतिहासात काय होते, यावर जेवण निवेपर्यंत वाद चालला होता. घडून गेलेल्या शतकावर भांडायचे आणि यायच्या शतकावर भांडायचे, यांत रीत तीच. निष्ठावंत वाचकाला गोष्टीचे जग खरे हवे असते. म्हणून तर तो तिच्यातली चूक शोधतो.

दुसरे मत एका चिकित्सक मुलाचे. "लढाया झकास आहेत सर, पण माणसं सगळी सारखीच वाटतात. जॉन काय, फ्रेड काय, नुसते आकडे बदलायचे." हे मत वजनदार आहे. या कादंबरीतल्या बहुतेक सैनिकांचे चेहरे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत. अर्थात ज्यांचे घर, आडनाव आणि आठवणी सगळे काढून घेतले, ती माणसे वेगवेगळी दिसावीत तरी कशी, असा उलट प्रश्न एका मुलीने केला. आमच्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न 'आडनाव काय?' हा असतो आणि त्या एका प्रश्नाने त्याचे गाव, भावकी, सगळे बाहेर निघते. तिथे आडनावाच्या जागी ११७ हा आकडा ऐकून आमच्या मुलांना चमत्कारिक वाटले यात काय आश्चर्य? याच मुलाने आणखी एक बारीक गोष्ट सांगितली. याच खेळावर विल्यम डिट्झ यांची 'द फ्लड' ही कादंबरी २००३ मध्ये निघाली. ती त्याने मोबाइलवर वाचली होती. तिच्यात खेळातलीच कथा पुन्हा सांगितली आहे. "तिकडं वाचताना नुसतं बोटं वळवळतात सर. जे हातानं केलंय तेच परत कशाला वाचायचं? हिच्यात जे आहे ते खेळता येत न्हाई, म्हणून वाचावंसं वाटतं." कादंबरी कशी असावी यावर मी ज्या टिपणी देतो, त्यांत एवढे नेमके वाक्य नाही!

खेळता न येणारे ते काय? एक उदाहरण देतो. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी या लहानग्यांना तीन-तीन जणांच्या गटाने अडथळे पार करून टोकाची घंटा वाजवायला सांगतात. ज्याचा गट शेवटी येईल त्याला जेवण नाही. जॉन सर्वांच्या पुढे जाऊन घंटा वाजवतो. पण त्याचे दोन सोबती मागे राहतात, गट शेवटचा ठरतो आणि पहिला आलेला जॉन उपाशी झोपतो. हा प्रसंग आवडला म्हणून सांगणारा मुलगा रोज पहाटे पलूसच्या रस्त्याने धावतो. त्याला फौजेत जायचे आहे. "ह्ये खरं आहे सर," तो म्हणाला, "भरतीच्या तयारीला आमी सात जण पळतो. एकटा पुढं गेला तर बाकीची मागं बसत्यात." मुलांना त्या पुस्तकात पहिला धडा शिकवतात तो थर्मोपिलीच्या खिंडीत लढलेल्या तीनशे ग्रीक वीरांचा. तो आमच्या मुलांना समजावून द्यावा लागला नाही. १६६० सालची पावनखिंड आणि बाजीप्रभूंबरोबरच्या तीनशे मावळ्यांची परंपरेने चालत आलेली कथा त्यांनी पाळण्यातच ऐकलेली असते.

इथवर सारी मते खेळाच्या बाजूची होती. मग बोलली ती ज्या मुलीने उलट प्रश्न केला होता तीच. तिने हा खेळ कधी हातात घेतलेला नव्हता. भावाच्या उशाशी पडलेले पुस्तक तिने वाचले होते. ती म्हणाली, "मला वाटतं, ही गोष्ट जॉनची नाहीच. ती हॅल्सीबाईंची आहे." शाळेच्या मैदानात मुले टेकाडावर चढून एकमेकांना खाली लोटण्याचा खेळ खेळत असतात आणि छोटा जॉन काही केल्या खाली येत नाही. हॅल्सी त्याला बाजूला घेते आणि नाणे उडवून छापा की काटा ते विचारते. तो उडते नाणे हवेतच झेलतो आणि बरोबर उत्तर देतो. ते नाणे ती त्याला देऊन टाकते. "म्हणजे सर, एका नाण्यावर तिनं त्याचं आयुष्य विकत घेतलं. आणि ते पाप आहे हे तिला ठाऊक आहे. खेळात कुणी तिची बाजू घेऊन खेळू शकत नाही. पुस्तकात मात्र मला तिच्या शेजारी उभं राहावं लागलं, आणि मला ते आवडलं नाही." खोली थोडा वेळ शांत झाली.

युद्धावरच्या विज्ञानकादंबऱ्यांत हा प्रश्न पूर्वीपासून आहे. अमेरिकेत रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९५९ मध्ये 'स्टारशिप ट्रूपर्स' लिहून यांत्रिक चिलखत घातलेल्या सैनिकाचा गौरव केला. तर व्हिएतनामच्या युद्धात स्वतः लढून आलेल्या जो हाल्डेमन यांनी १९७४ मध्ये 'द फॉरेव्हर वॉर' लिहून, लढून परत आलेल्या सैनिकाला त्याचे घर ओळखू येत नाही, हे दाखवले. ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या १९८५ च्या 'एंडर्स गेम' मध्ये तर लहान मुले आपण खेळ खेळतो आहोत असे समजून खरी लढाई लढतात. खेळ आणि युद्ध यांच्यामधली भिंत किती पातळ आहे हे या लेखकांनी आधीच ओळखले होते.

सर्वांत शेवटी बोलला तो धावणाऱ्या मुलांतलाच एक, अबोल. "सर, एक इचारू? त्यात सुरवातीला ती बंडखोर माणसं हायती न्हवं? ज्येंच्यासाठी ही पोरं चोरली? ती म्हंजे आपणच की!"

कुंडलच्या पोरानेच बोलावे असे हे वाक्य आहे. वाचकांपैकी ज्यांना आमचे गाव ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कुंडल पूर्वी औंध संस्थानात होते. १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांनी साताऱ्यात जे प्रतिसरकार उभे केले, ज्याला लोक 'पत्री सरकार' म्हणत, त्याचे हे मोठे केंद्र. त्या सरकारचे सशस्त्र दल म्हणजे तुफान सेना. तिचे धुरीण जी. डी. बापू लाड आणि 'कॅप्टन भाऊ' म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र लाड हे आमच्याच गावचे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ या लोकांनी सरकारी पगाराची रेल्वेगाडी अडवली. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याकडे चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला. 'लुटला' हा शब्द इंग्रजांचा. आमच्या गावात आजही सांगतात ते असे की, लोकांचा पैसा लोकांकडे आणला. त्या कार्यकर्त्यांत विशीतली मुले पुष्कळ होती. इंग्रज सरकारच्या दप्तरातून पाहिले तर ही सारी बंडखोरांची टोळी. नायलंड यांच्या कादंबरीतल्या लष्कराला दूरच्या वसाहतींतली माणसे जशी दिसतात, अगदी तशीच!

मी त्या मुलाला म्हटले, "पुस्तकातल्या बंडखोरांचे म्हणणे काय होते, हे लेखकाने फारसे सांगितलेले नाही." तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतो सर. परग्रहावरचे ते आले म्हणून बरं झालं. न्हाईतर ती पोरं आमच्यावरच सोडली असती." परग्रहवासीयांच्या स्वारीने त्या चोरीला जणू नंतरून मिळालेली परवानगी कशी दिली, हे जगभरच्या वाचकांनी पुष्कळ चर्चिलेले कोडे आहे. आमच्या मुलाने ते आपल्या गावाच्या इतिहासातून सोडवले.

माझ्या मते या पुस्तकाची खरी परीक्षा इथेच आहे. खेळात बंदूक आपल्या हाती असते आणि म्हणून बाजूही ठरलेली असते. समोर दिसेल तो शत्रू. मेलो तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. फारच अंगाशी आले तर आमच्या लहानपणी 'टॅम्प्लीज' म्हणायचो तसे बटण दाबून थांबायचे. पुस्तक वाचताना हात रिकामे असतात. मेलेला तिथे उठत नाही. आणि हात रिकामे असले की मन दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहते. ती मुलगी हॅल्सीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, हा मुलगा बंडखोरांच्या रांगेत. पुस्तक थोर नसेल. त्यातली माणसे सपाटही असतील. पण त्याने वाचकाला जागा बदलू दिली, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. जे पुस्तक तेवढेही करू देत नाही ते क्रमिक असले तरी त्याची कुस्ती बरोबरीत सोडवलेलीच बरी!

याहून मोठे मत मला मिळाले ते मात्र पुस्तक न वाचलेल्या वाचकाकडून. फौजेत जाऊ इच्छिणाऱ्या त्या पहिल्या मुलाची आजी. काही कामासाठी मी त्यांच्या घरी गेलो होतो. सोप्यात बसून ती भुईमुगाच्या शेंगा फोडीत होती. नातवाने ही सारी गोष्ट तिला आधीच सांगितली होती, हे तिने मला पाहताच सुरुवात केली त्यावरून कळले. "या मास्तर, बसा. त्या पोरं चोरणाऱ्या बाईचं पुस्तक तुमीबी वाचलंसा म्हनं?"

"वाचलं की, आजी."

"मग मला सांगा, त्या पोरांच्या आया कुठं हुत्या?"

नातवाने घाईघाईने सांगितले की, आयांना काही कळलेच नाही. त्यांच्याकडे हुबेहूब दुसरी पोरे होती आणि ती पुढे आजारी पडून गेली. म्हातारीचे हात थांबले. "म्हंजे ती माउली दुसऱ्याच लेकरासाठी रडली. आनि तिचं खरं लेकरू तिकडं जितं. आरं, रानातली गाय गेली तर मानूस चार गावं हुडकतंय. हितं हुडकायची सोयबी ठेवली न्हाई त्या बाईनं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आनि ते जे नकली लेकरू मेलं, ते तरी कुनाचं?"

या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, नातवाजवळही नव्हते. पुस्तकात त्या मेलेल्या मुलांसाठी दोन-चार वाक्यांपेक्षा जास्त जागा नाही. बक्षिसे देणाऱ्या परीक्षकांनी, निष्ठावंतांनी आणि आम्ही प्राध्यापकांनी जिथे बोटही ठेवले नव्हते, तिथे म्हातारी जाऊन बसली होती. तुफान सेनेच्या दिवसांत ती पाच-सहा वर्षांची असेल. भूमिगतांसाठी आई रात्री भाकऱ्या थापायची आणि त्या कोणासाठी हे पोरांनी विचारायचे नाही, एवढी आठवण तिने सांगितली. "पर ती पोरं आपल्या पायानं गेलती," ती म्हणाली. "आयांना ठावं हुतं. रडायच्या, पर ठावं हुतं."

एवढ्यात मुलाची आई चहा घेऊन बाहेर आली. तिचा प्रश्न वेगळा होता. "सर, असली पुस्तकं वाचून आन् ते खेळ खेळून ह्येला फौजेची हौस लागली असं ह्येचे वडील म्हणत्यात. खरं का?" साताऱ्या-सांगलीकडच्या घरांना फौज नवी नाही. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर 'मिलिटरी' हे विशेषण नावामागे लावूनच ओळखले जाते. २०२२ साली अग्निपथ योजना सुरू झाल्यापासून साडेसतरा वर्षांच्या मुलांनाही चार वर्षांसाठी भरती होता येऊ लागले, तेव्हापासून आमच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्यांत कोवळे चेहरे दिसू लागले. आईच्या प्रश्नामागची काळजी मला समजत होती. मी मुलाकडेच पाहिले. "तूच सांग आईला."

तो थोडा वेळ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "खेळानं हौस लागली, ह्ये खरं आई. पर पुस्तक वाचल्यावर कळलं की त्या जॉनला कुणी इचारलंच नव्हतं. मला कुणी चोरून न्हेत न्हाई. मी फॉर्म भरणार ते तुला दाखवून, आप्पांची सही घिऊन. न्हाई म्हणालात तर परत इचारीन." आई काही बोलली नाही. आजीने मात्र फोडलेल्या शेंगदाण्यांची मूठ त्याच्या हातावर ठेवली.

दिवाळीत आपल्या घरोघरची मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्यावर हळीव पेरतात आणि बाजारातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजावर उभे करतात. हीही लुटुपुटीची लढाईच. ती त्यांनी अवश्य खेळावी. आणि फराळानंतर कोणी मोबाइलवरचा खेळ घेऊन बसला तरी लगेच डोळे वटारू नयेत. त्याच्या शेजारी बसून दोन गोष्टी विचाराव्यात : तू कोणाच्या बाजूने लढतो आहेस, आणि समोरचा कोणाचा मुलगा आहे? उत्तर नसेल तर त्या खेळावरचे एखादे पुस्तक मिळते का पाहावे. मिळाले तर त्याने वाचून झाल्यावर आपणही वाचावे, आणि मग जेवताना खुशाल भांडावे. आमच्या गावातली ती प्रत सध्या माझ्याकडून त्या मुलीकडे गेली आहे. तिला ते नाण्याचे प्रकरण मराठीत उतरवायचे आहे आणि 'छापा की काटा' यापुढे तिचे अजून गाडे सरकलेले नाही. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत ती पुरे करीन म्हणाली आहे.